दुरून डोंगर

वसंतातील व्याख्यानांसाठी आपण वरणगावात जमतो तेव्हा ऊन तापू लागलेले असते. अशा दिवसांत गावाच्या उत्तरेस मोकळ्या जागी उभे राहिले, तर तापीच्या पलीकडे सातपुड्याची रांग दिसते. आश्विन-कार्तिकात ती निळसर हिरवी होती. आज ती करडी झाली आहे. आपल्याकडे म्हण आहे, दुरून डोंगर साजरे. लांबून पाहणाऱ्याने डोंगराविषयी फार बोलू नये, जवळ गेल्यावर काटे आणि खडक दिसतात, असा तिचा रोख आहे.

आज आम्ही ज्या विद्येचा इतिहास सांगणार आहोत, तिचा सारा व्यवहार मात्र दुरून डोंगर पाहण्याचाच आहे. शेकडो किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहाने पानांवरून परतलेला प्रकाश टिपावयाचा, आणि त्यावरून खाली रान किती आहे, ते सुकले आहे की जिवंत आहे, जिवंत असल्यास उन्हाच्या बळावर किती अन्न तयार करीत आहे, हे ठरवावयाचे. ही विद्या कशी सिद्ध होत गेली, तिच्या हातून चुका कोठे होऊ शकतात, आणि तिचा सातपुड्यात राहणाऱ्या माणसांशी संबंध काय, एवढेच आम्हांला आज सांगावयाचे आहे.

रान मोजण्याची पहिली पद्धत अर्थातच पायी हिंडण्याची होती. मुंबई इलाख्यात १८४७ साली अलेक्झांडर गिब्सन हे पहिले वनसंरक्षक नेमले गेले. ते पेशाने डॉक्टर आणि आवडीने वनस्पतिशास्त्रज्ञ; पुण्याजवळच्या दापोडीच्या वनस्पती-उद्यानाचा कारभार त्यांच्याकडे होता. पुढे १८६४ साली सर्व हिंदुस्थानच्या वनखात्यावर डीट्रिख ब्रांडिस हे जर्मन गृहस्थ आले. १८६५ साली वनांचा पहिला कायदा झाला आणि १८७८ साली दुसरा. या दुसऱ्या कायद्याने राखीव वने, संरक्षित वने असे वर्ग पाडले. साखळी ओढीत, सीमेवर दगडांचे ढीग रचीत, नकाशावर रेघा आखल्या गेल्या. तेव्हापासून सरकारदप्तरी 'जंगल' या शब्दाला एक निराळाच अर्थ आला. रेघेच्या आत पडलेली जमीन म्हणजे जंगल; मग तिच्यावर झाड असो वा नसो. श्रोत्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढील बहुतेक वाद तिच्यातूनच निघालेले आहेत.

पायांच्या जागी पंख आले ते १९२४ साली. त्या वर्षी ब्रह्मदेशात इरावतीच्या मुखाजवळील रानांची विमानातून छायाचित्रे घेण्यात आली. दलदलीत माणसाला शिरणे कठीण होते, म्हणून हा उपाय. स्वतंत्र भारतात १९६५ साली वनसंपत्तीची जी पाहणी सुरू झाली, तिनेही हवाई छायाचित्रांचा आधार घेतला. परंतु या चित्रांत पाहावयाचे ते झाडांचे शेंडे, त्यांच्या सावल्या आणि घनता. चित्र वरून घेतलेले असले, तरी त्यातून उमजत होते ते माणसाच्या डोळ्याला उमजावयाचे तेवढेच. आणि माणसाच्या डोळ्याला पानावरचा सगळा प्रकाश दिसत नाही. खरी गोष्ट येथून सुरू होते.

पान हिरवे का दिसते, हे आपण शाळेत शिकलो आहोत. सूर्याच्या प्रकाशातील तांबडा आणि निळा भाग पानातील हरितद्रव्य शोषून घेते आणि त्या बळावर हवेतील कर्बवायू व मुळांनी आणलेले पाणी यांपासून साखर तयार करते. या क्रियेला प्रकाशसंश्लेषण म्हणतात. हिरवा भाग त्या मानाने कमी शोषला जातो, तो परत फिरतो आणि आपल्या डोळ्यांत शिरतो. पण तांबड्याच्या पलीकडे, जेथे आपली दृष्टी संपते, तेथे पानाचा स्वभाव एकदम पालटतो. त्या अवरक्त प्रकाशातला जवळजवळ निम्मा भाग निरोगी पान परत फेकून देते. साबणाचे पाणी पारदर्शक असते. त्याचा फेस केला की तो पांढरा दिसतो, कारण असंख्य बुडबुड्यांच्या कडांवर प्रकाश विखुरतो. पानाच्या पोटात पेशी आणि त्यांच्यामधील हवेच्या पोकळ्या यांची अशीच रचना असते. आपल्या डोळ्यांना अवरक्त दिसले असते, तर आंब्याचे झाड आपल्याला लखलखीत दिसले असते.

हे दृश्य प्रथम जगापुढे मांडले रॉबर्ट वूड या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने. १९१० साली त्याने अवरक्त किरणांनी घेतलेली छायाचित्रे प्रसिद्ध केली. त्यांत आकाश काळे आणि झाडे बर्फ पडल्यासारखी पांढरी होती. काही काळ ही एक मौज म्हणूनच गणली गेली. दुसऱ्या महायुद्धात मात्र तिचा उपयोग निघाला. तोफा झाकण्यासाठी हिरवा रंग दिलेली जाळी किंवा तोडलेल्या फांद्या वापरीत. डोळा त्यांना फसे. पण रंगाला पानाचे पोट नसते, आणि तोडलेली फांदी सुकू लागली की तिचा अवरक्त उजेड मंदावतो. अवरक्त टिपणारी रंगीत फिल्म तयार झाल्यावर खरे झाड तांबडे उमटू लागले आणि सोंग उघडे पडू लागले. युद्ध संपल्यावर हीच फिल्म शेतीकडे वळली. १९५६ साली कॅलिफोर्नियात रॉबर्ट कोलवेल यांनी धान्यपिकांवरील रोग हवेतून ओळखता येतो, असे दाखवून दिले.

आपल्या देशात या विद्येचा पाया घातला तो पिशारोथ राम पिशारोटी यांनी. ते सी. व्ही. रामन यांचे विद्यार्थी. १९६२ साली पुण्यात उष्णदेशीय हवामानशास्त्राची संस्था निघाली, तिचे पहिले संचालक तेच. पुढे ते अहमदाबादेस गेले आणि विक्रम साराभाई यांच्या प्रोत्साहनाने एका साध्या दिसणाऱ्या प्रश्नाच्या मागे लागले. केरळात माडांना मुळांचा एक रोग लागत होता. रोगट माड शोधावयाचे तर बागांमागून बागा पायी तपासाव्या लागत. पिशारोटींनी १९७० च्या सुमारास आकाशातून अवरक्त फिल्मवर माडांची छायाचित्रे घेतली. निरोगी माडांहून रोगट माडांचा रंग निराळा उमटला. भारतातील दूरसंवेदनाचा आरंभ या प्रयोगापासून धरतात. तो एका शेतकऱ्याच्या अडचणीतून झाला, याचे आम्हांला समाधान वाटते.

२३ जुलै १९७२ रोजी अमेरिकेने लँडसॅट मालिकेतील पहिला उपग्रह सोडला. त्याच्या यंत्रात तांबडा आणि अवरक्त यांसाठी वेगळे पट्टे होते, आणि दर अठरा दिवसांनी तो त्याच जागेवर परत येई. लवकरच शास्त्रज्ञांनी एक सोपे गणित बसविले. अवरक्तातून तांबडा वजा करावयाचा आणि येणाऱ्या बाकीला दोहोंच्या बेरजेने भागावयाचे. समजा, दाट पानोळ्याने शंभरांपैकी पन्नास भाग अवरक्त परत पाठविला आणि पाच भाग तांबडा. पंचेचाळीसला पंचावन्नने भागले की उत्तर सुमारे ०·८ येते. उघड्या जमिनीने अवरक्त तीस आणि तांबडा पंचवीस पाठविला, तर उत्तर ०·१ च्याही खाली उतरते. एका आकड्यात पान आणि माती यांची फारकत झाली. या आकड्याला वनस्पती निर्देशांक म्हणतात. भारताने १७ मार्च १९८८ रोजी आपला पहिला दूरसंवेदन उपग्रह, आयआरएस-१ए, बैकानूरहून सोडला, तेव्हापासून हे गणित आपल्याच चित्रांवर करता येऊ लागले.

पण त्याआधीच एक मोठा वाद होऊन गेला होता. १९५२ च्या राष्ट्रीय वननीतीने देशाचा एकतृतीयांश भाग वनाखाली असावा, असे ध्येय ठरविले होते. दप्तरात जंगल म्हणून नोंदलेली जमीन तेवीस टक्क्यांच्या आसपास होती. १९८४ साली हैदराबादच्या राष्ट्रीय दूरसंवेदन संस्थेने उपग्रहाच्या चित्रांवरून आकडे काढले. १९७२ ते १९७५ या काळात प्रत्यक्ष वनाच्छादन १६·८९ टक्के होते आणि १९८० ते १९८२ मध्ये ते १४·१० टक्क्यांवर आले, असा त्यांचा निष्कर्ष होता. देशभर खळबळ उडाली. त्याच सुमारास भारतीय वन सर्वेक्षण या संस्थेने, जी १९८१ साली स्थापन झाली होती, जवळजवळ त्याच काळातील चित्रांवरून आपला हिशेब केला, आणि तो बराच जास्त आला. अखेर दोन्ही संस्था एकत्र बसल्या आणि साडेएकोणीस टक्क्यांच्या आसपास एकमत झाले.

चौदा आणि साडेएकोणीस यांत केवढे अंतर आहे! जवळजवळ त्याच काळातला प्रकाश, मग उत्तरे दोन कशी? कारण चित्र स्वतः बोलत नाही. विरळ झाडी कोठपर्यंत वन म्हणावी, किती लहान तुकडा मोजावा, चित्र कोणत्या महिन्यातले घ्यावे, हे माणसाने ठरवावयाचे असते. दूरच्या पाहणीत पाहणाराही मोजला जातो, हा धडा त्या वादाने दिला.

महिन्याचा मुद्दा तर आपल्या खानदेशाइतका कोणालाच कळणार नाही. यावल-रावेर-चोपड्याच्या डोंगरातले रान पानगळीचे. साग, सालई, धावडा, पळस ही तेथली झाडे. सागाची पाने हिवाळ्याच्या अखेरीपासून झडू लागतात आणि पहिल्या पावसाबरोबर पुन्हा येतात. आता असे समजा की, चैत्र-वैशाखात वरून एक चित्र घेतले. तापी ओलांडली की सावदा, फैजपूर, रावेर या पट्ट्यात पाण्यावर उभ्या असलेल्या केळीच्या बागा आहेत. त्या अवरक्त चित्रात लालभडक उमटतील. त्यांच्या मागे सातपुडा मातीच्या रंगाचा दिसेल. ज्याला हा मुलूख ठाऊक नाही, तो म्हणेल, रान सपाटीवर आहे आणि डोंगर उजाड आहेत. हेच चित्र आश्विनात घेतले, तर डोंगर भरून निघतील. चैत्रातला साग मेलेला नसतो. पाणी वाचविण्यासाठी त्याने पाने टाकलेली असतात. म्हणून खानदेशचे रान वाचावयाचे तर वर्षाची सगळी पाने उलटून वाचले पाहिजे, एका पानावरून निकाल देऊ नये.

येथपर्यंत प्रश्न एकच होता: पान आहे की नाही? पण पान आहे म्हणजे ते काम करीतच आहे, असे म्हणता येत नाही. थंड देशांतील सूचिपर्णी वृक्ष हिवाळाभर हिरवे असतात, पण गोठलेल्या दिवसांत त्यांचे प्रकाशसंश्लेषण जवळजवळ बंद असते. वनस्पती निर्देशांकाला हा फरक क्वचितच कळतो. आपल्याकडे केळीच्या बागेत वैशाखातल्या भर दुपारी जाऊन पाहा. पान मधल्या शिरेच्या दोन्ही अंगांनी खाली मिटलेले असते. रंग हिरवाच, पण पाण्याची बचत करण्यासाठी पानाची रंध्रे आवळलेली असतात, कर्बवायू आत येत नाही, आणि काम मंदावते.

मग त्या वेळी पडणाऱ्या उन्हाचे पान काय करते? सरकीच्या जिनात यंत्र अडले आणि कापसाच्या गाड्या मात्र येतच राहिल्या, तर आवारात कोंडी होते. पानाचीही तीच अडचण. शोषलेले ऊन वापरता आले नाही, तर ते पानालाच इजा करते. यासाठी निसर्गाने एक सोय ठेवली आहे. पानात हरितद्रव्याबरोबर पिवळी द्रव्येही असतात. जास्तीचे ऊन झाले की त्यांतले व्हायोलाझँथिन नावाचे द्रव्य पालटून झियाझँथिन बनते, आणि त्याच्या साह्याने जादा शक्ती उष्णतेच्या रूपाने बाहेर टाकली जाते. ऊन उतरले की पालट उलटा होतो. या द्रव्यांची अदलाबदल हॅरी यामामोटो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ साली दाखविली. तिचा उष्णता टाकण्याशी असलेला संबंध बार्बरा डेमिग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली पुढे आणला.

ही घडामोड पानाच्या आत चालते; पण तिची एक बारीकशी खूण बाहेर पडते. पिवळ्या द्रव्यात पालट झाला की हिरव्या प्रकाशातल्या एका अरुंद पट्ट्याचे, ५३१ नॅनोमीटरच्या आसपासचे, परावर्तन किंचित घटते. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. जवळच्याच एका पट्ट्याचे परावर्तन फारसे हलत नाही. जॉन गेमन, योसेप पेन्युएलास आणि ख्रिस्तोफर फील्ड यांनी हे दोन पट्टे एकमेकांशी ताडून १९९२ साली एक नवा निर्देशांक मांडला. त्याआधी १९९० साली गेमन, फील्ड व इतरांनी सूर्यफुलाच्या पानांवर आणि शेतावर ही खूण तपासली होती. पुढे त्याला प्रकाशरासायनिक परावर्तन निर्देशांक हे नाव पडले. जुना निर्देशांक पानांची हजेरी घेत होता. हा नवा निर्देशांक हजर असलेल्यांपैकी कामावर कोण आहे, हे विचारतो. वैद्याने अंगाचा रंग पाहणे आणि नाडी पाहणे यांत जो फरक, तोच येथे समजावा.

या शतकात ही नाडी उपग्रहावरूनही पाहण्याचे प्रयत्न झाले. १९९९ साली सुटलेल्या टेरा उपग्रहात समुद्राचा रंग पाहण्यासाठी ठेवलेला एक पट्टा योगायोगाने ५३१ नॅनोमीटरवरच होता. तो वनांकडे वळविला गेला. २०१६ साली गेमन व सहकाऱ्यांनी त्याच पट्ट्याच्या आधारे उत्तर अमेरिकेतील सूचिपर्णी वनांचा ऋतुमानाप्रमाणे होणारा चढउतार टिपता येतो, असे दाखविले. शिवाय हरितद्रव्य स्वतःच शोषलेल्या प्रकाशातला एखाद-दोन टक्के भाग अंधूक तांबड्या झळाळीच्या रूपाने परत देत असते. २००९ साली सुटलेल्या जपानच्या एका उपग्रहाच्या नोंदींतून २०११ साली या झळाळीचे जगाचे नकाशे निघाले.

मात्र नाडी दुरून पाहणे सोपे नाही. पानाचा कल, खालच्या मातीचा रंग, सूर्य कोठे आहे आणि पाहणारा कोठे आहे, या सर्वांनी तो बारीक फरक झाकला जातो. पानाचे वय वाढले की त्यातील रंगद्रव्यांचे प्रमाणच बदलते, आणि दुपारचा थकवा व वर्षाचे वार्धक्य यांची गल्लत होते. आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. सातपुड्याचे रान जेव्हा पालवून कामाला लागते, नेमके त्याच महिन्यांत त्याच्यावर मेघ असतात, आणि परावर्तित प्रकाश पाहणाऱ्या उपग्रहाला रान दिसत नाही.

म्हणून दुरून केलेली पाहणी जमिनीवर ताडून पाहावी लागते. आपली तापी मुलताईला उगम पावते, हे आपण जाणतोच. मुलताई ज्या बैतूल जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यातील सागाच्या मिश्र वनात हैदराबादच्या राष्ट्रीय दूरसंवेदन केंद्राने झाडांच्या शेंड्यांहून उंच असा एक मनोरा उभारला. त्यावरील यंत्रे वाऱ्याचे झोत आणि त्यांतील कर्बवायू सेकंदाला अनेक वेळा मोजतात. हवेतला किती वायू रानाने आत ओढला आणि किती बाहेर सोडला, याचा हिशेब त्यातून निघतो. उपग्रह सांगतो ते खरे की नाही, याची ती कसोटी. तसेच २०१५-१६ च्या हिवाळ्यात भारत आणि अमेरिका यांच्या अवकाश संस्थांनी मिळून विमानातून चारशेहून अधिक अरुंद पट्ट्यांत प्रकाश टिपणारे यंत्र देशभर फिरविले. नंदुरबारच्या सीमेपलीकडील गुजरातमधले शूलपाणेश्वर अभयारण्य त्या पाहणीत होते. म्हणजे सातपुड्याच्या पूर्वेकडे मनोरा आणि पश्चिमेकडे विमान, अशी ही विद्या आपल्या दाराशी येऊन पोहोचली आहे.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा. आरंभी आम्ही नकाशावरच्या रेघांचा उल्लेख केला. त्या रेघांच्या आत पावरा, भिल्ल, बारेला, तडवी कुटुंबे पिढ्यान् पिढ्या राहत आणि कसत आली. २००६ साली संसदेने वनहक्कांचा कायदा केला. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जो आदिवासी वनजमीन कसून त्यावर उपजीविका करीत आहे, त्याला तिच्यावर हक्क मिळावा, असे त्यात आहे. ती जमीन त्या दिवशी शेत होती की रान होते, हे ठरवावयाचे कसे? साहजिकच उपग्रहाच्या जुन्या चित्रांकडे बोट दाखविले जाऊ लागले.

पण डोंगरातले शेत सपाटीवरच्या शेतासारखे नसते. बांधावर मोह असतो, मध्ये एखादा साग राखलेला असतो, ज्वारी निघाली की पडीत राहते. वरून पाहणाऱ्याला ते विरळ रान वाटू शकते. चौदा आणि साडेएकोणीस यांचा वाद तज्ज्ञांनी एका मेजाभोवती बसून मिटविला. तीच चूक दोन एकरांच्या तुकड्यावर झाली, तर एका घराची भाकरी जाते. २०१२ साली नियमांत दुरुस्ती झाली आणि त्यांत स्पष्ट म्हटले गेले की, उपग्रहाचे चित्र इतर पुराव्यांना पूरक म्हणून घ्यावे, त्यांच्या जागी नव्हे. गावातल्या वृद्धांची साक्ष, जुनी पावती, जमिनीवरच्या खुणा यांचे स्थान कायम राहिले. आमच्या मते हा नियम न्यायाचा आहे, आणि शास्त्राच्या इतिहासालाही धरून आहे. माडांचा रोग आकाशातून दिसला, पण तो कोणता रोग, हे मुळाशी जाऊनच कळावयाचे. बैतूलचा मनोरा तरी कशासाठी आहे?

शंभर-सव्वाशे वर्षांत माणसाने दुरून पाहण्याची कला फार पुढे नेली. जो प्रकाश आपल्या डोळ्यांना दिसतच नाही, त्यातून त्याने पान ओळखले. जो पालट हाताशी धरलेल्या पानातही दिसत नाही, तो त्याने आकाशातून हेरला. रानाची आग, कीड, तोड आणि वाढता उन्हाळा यांची वार्ता आता वेळेवर मिळू शकते, आणि ती मिळाली पाहिजे. तीविषयी संशय घेऊन हात झटकणे हा अडाणीपणा ठरेल. पण तीच अखेरची साक्ष मानणे हा त्याहून मोठा अडाणीपणा होय.

घरी जाताना उत्तरेकडे पाहाल, तेव्हा सातपुडा करडा दिसेल. तो मेला, असे कोणी म्हटले, तर त्याला मृग लागेपर्यंत थांबावयास सांगा; आणि शक्य झाले, तर त्याला बरोबर घेऊन तापी ओलांडा, पालच्या वाटेने थोडे वर चढा, आणि सागाच्या डिरीवर नख लावून पाहा. खाली ओले हिरवे लागते. एवढे सांगून आम्ही आपली रजा घेतो.